"शक्य तिथे ओपन सोर्सला प्राधान्य" या वाक्याने खरेदीत खरंच काही बदलतं का?

अर्धविराम

एका सार्वजनिक संस्थेच्या सॉफ्टवेअर खरेदी धोरणाचा मसुदा सूचना-हरकतींसाठी खुला झालाय आणि आमच्या गटातर्फे अभिप्राय लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मसुदा चांगला जाडजूड आहे, पण ओपन सोर्सबद्दल (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, वापरता, बदलता येतो अशा सॉफ्टवेअरबद्दल) त्यात एकच वाक्य: "शक्य तिथे मुक्त व ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्यात येईल."

यावरून गटात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, सरकारने तटस्थ राहावं. चांगलं आणि परवडेल ते सॉफ्टवेअर घ्यावं, त्याचा परवाना कसला हे बघायचं कारण काय? उद्या कंपन्या म्हणतील धोरणच आमच्या विरोधात आहे, आणि ते चूक नसेल. दुसऱ्याचं म्हणणं, लोकांच्या पैशातून आलेलं सॉफ्टवेअर लोकांना उघडून बघता आलंच पाहिजे, विषय संपला. त्यावर पहिला लगेच जर्मनीतल्या म्युनिक शहराचं उदाहरण काढतो. एवढा गाजावाजा करून तिथल्या पालिकेचे संगणक विंडोजवरून लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टमवर गेले आणि मुकाट विंडोजवर परत आले.

मला कुणाची बाजू घ्यायची नाही, अभिप्राय लिहायचाय. या वाक्यात काय बदललं तर प्रत्यक्ष निविदेत फरक पडेल? खरेदीची प्रक्रिया आतून पाहिलेल्यांनी प्रकाश टाकावा. तात्त्विक प्रतिसाद नकोत असं नाही, पण ते पुष्कळ वाचून झालेत.

जुनी_फाईल

"शक्य तिथे" काढून टाका, मग पुढचं बोलू.

निविदांची तांत्रिक छाननी हे माझं बरीच वर्षं काम होतं, त्यामुळे असल्या वाक्यांचं पुढे काय होतं ते सांगते. शक्य आहे की नाही हे कोण ठरवणार? ज्याच्या टेबलावर फाईल आहे तो. त्याने "शक्य नाही" ठरवलं तर ते कुठे लिहावं लागतं का? नाही. मग लेखापरीक्षक विचारणार काय? प्राधान्य दिलं की नाही हे तपासताच येत नाही. फाईलीत अमुक कागद आहे की नाही, एवढंच तपासता येतं. म्हणून कुठलंही धोरण हातात आलं की मी एकच बघते: हे धोरण कुणाकडून, कधी, कोणता कागद मागतं?

भारत सरकारचं २०१५ चं ओपन सोर्स धोरण काढून बघा. त्यातलं "पसंतीचा पर्याय" हे सगळे उद्धृत करतात, पण त्या वाक्यातही सरकार "प्रयत्न करील" एवढंच म्हटलंय. कामाचा भाग त्याच्या पुढे आहे. आरएफपीमध्ये (प्रस्ताव मागवणाऱ्या निविदा-कागदात) स्पष्ट अट घालायची की पुरवठादाराने बंद सॉफ्टवेअरबरोबर ओपन सोर्सचाही विचार करावा, आणि ओपन सोर्स वगळलं असेल तर त्याचं कारण द्यावं. मग विभागाने दोन्ही पर्याय क्षमता, सामरिक नियंत्रण, विस्तारक्षमता, सुरक्षा, आयुष्यभराचा खर्च आणि सपोर्ट यांवर तोलून निर्णय घ्यायचा. धोरणाचं पालन "अनिवार्य" असंही वर लिहिलंय.

वाचायला झकास. पण ओपन सोर्स का नको, याचं कारण द्यायचंय कुणी? पुरवठादाराने! ज्याला त्याचं उत्पादन खपवायचंय त्यालाच विचारायचं, की बाबा रे, दुसरं का नाही आणलंस. अशी "समर्थनं" मी ढिगाने वाचलीत. एकच परिच्छेद, फक्त प्रकल्पाचं नाव बदललेलं. "एंटरप्राइज दर्जाचा सपोर्ट उपलब्ध नसल्यामुळे" ही ओळ ठरलेली. छाननी समितीला ती खोडून काढायला ना वेळ असतो, ना तसं अंगावर घ्यायची कुणाची इच्छा.

इटलीने हे ओझं उलट्या खांद्यावर ठेवलंय. त्यांच्या डिजिटल प्रशासन संहितेतलं ६८ वं कलम. खरेदीआधी त्या कार्यालयानेच तौलनिक मूल्यमापन करायचं: दुसऱ्या सरकारी कार्यालयाने केलेलं काही आयतं मिळतंय का, मुक्त सॉफ्टवेअर आहे का, आणि यातलं काहीच जमत नाही असं कारणांसह दाखवता आलं तरच पैसे देऊन बंद परवाना घ्यायचा. तिथेही पळवाटा काढतात, माणसं सगळीकडे सारखीच. पण निविदा निघायच्या आधी, विकत घेणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. सही आली की माणूस दोनदा विचार करतो.

आता तुमच्या मसुद्यात कुणी बघणार नाही अशी जागा सांगते, पात्रता निकष. धोरणाचा गळा तिथे दाबला जातो. नेहमीच्या अटी बघा: "मूळ उत्पादकाचं अधिकृतता पत्र जोडावं", "उत्पादकाची वार्षिक उलाढाल अमुक कोटी", "उत्पादन गार्टनरच्या लीडर्स चौकटीत असावं" (गार्टनर ही उत्पादनांची क्रमवारी लावणारी सल्लागार कंपनी). पोस्टग्रेसक्यूएल हा ओपन सोर्स डेटाबेस जगभर कसल्या कसल्या मोठ्या प्रणालींखाली चालतं, पण त्याचा मालक अशी एक कंपनी नाही. मग अधिकृतता पत्र कोण देणार? उलाढाल कुणाची दाखवणार? पोस्टग्रेस घेऊन आलेला बोलीदार तांत्रिक फेरीपर्यंत पोचतच नाही, आणि कागदोपत्री ओपन सोर्सवर कुणीही अन्याय केलेला नसतो. प्री-बिड बैठकीत (बोली भरण्याआधीच्या शंकासमाधानात) कुणी विचारलंच तर "अट कायम" असं उत्तर येतं. ही अट बहुतेक वेळा कटातून येत नाही. आधीच्या निविदेतून उचललेली असते, आणि त्या आधीच्या निविदेत ती संगणक-प्रिंटर खरेदीच्या निविदेतून आलेली असते.

राहिला तटस्थतेचा मुद्दा. त्याला सगळ्यात चोख उत्तर पेरूच्या एडगर व्हियानुएव्हा या खासदाराने २००२ मध्ये दिलं होतं. सरकारी कार्यालयांत मुक्त सॉफ्टवेअर वापरायच्या त्यांच्या विधेयकावर मायक्रोसॉफ्टच्या पेरूतल्या प्रमुखाने आक्षेपाचं पत्र पाठवलं, त्याला त्यांनी लांबलचक उत्तर लिहिलं. सार असं, की आम्ही कुठल्या कंपनीला बाहेर काढत नाही. शासनाला काय लागतं ते सांगतोय: नागरिकांना सार्वजनिक माहिती विनाअडथळा मिळावी, ती कायम टिकावी, आणि शासनाच्या यंत्रात काय चाललंय ते शासनाला तपासता यावं. या अटी पाळून कुणीही विकावं, मायक्रोसॉफ्टनेही. परवाना हा कंपनीचा जन्मजात गुण थोडाच आहे? ती तो बदलू शकते. तुमच्या पहिल्या मित्राला हे सांगा. हेही सांगा की पेरूत २००५ मध्ये जो कायदा झाला (क्रमांक २८६१२) तो तटस्थतेचाच होता, म्हणजे त्याच्या बाजूचा. पण त्यातही खरेदीआधी तांत्रिक अहवाल लागतोच. पुन्हा कागदच.

पासवर्ड_विसरलो

जुनी_फाईल यांचा प्रतिसाद आवडला, पण तो खरेदीपाशी थांबतो. मी खरेदी झाल्यानंतरच्या बाजूला बसतो. वापरणाऱ्यांचे फोन घेणं हे माझं काम.

धोरण वरून येतं, "लिब्रेऑफिस वापरा" (मायक्रोसॉफ्ट ऑफिसला ओपन सोर्स पर्याय). खालच्या लेखा विभागात एक शीट असते, ती कुणीतरी निवृत्त होण्याआधी बनवलेली, आत चाळीस मॅक्रो (शीटमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्राम), आणि महिन्याचा पगार त्यावर चालतो. ती लिब्रेऑफिसमध्ये उघडते, पण बेरीज येत नाही. शिव्या कुणाला? आम्हाला. तेवढ्यात शेजारच्या खात्याकडून डॉक्सएक्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डच्या फाईलीत, तक्ता येतो आणि त्याची घडी विस्कटते. धोरण लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर काय असतं हेही एकदा विचारून बघा.

दुसरं, "फुकट आहे" म्हणून जे येतं त्याच्या देखभालीचं काय? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचं (असंख्य प्रणालींच्या पोटात नोंदी ठेवणारा एक ओपन सोर्स घटक) सुरक्षेचं भोक उघडं पडलं तेव्हा जगातली निम्मी सरकारं आपल्याकडे ते कुठे कुठे आहे हे शोधत बसली होती. आणि ते सांभाळणारे कोण? आपापली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात काम करणारे मूठभर स्वयंसेवक. त्यांना एक पैसा न देता सगळ्यांनी वर्षानुवर्षं वापरलं. याला धोरण म्हणत असाल तर माझा विरोध आहे.

म्युनिकचं उदाहरण म्हणूनच मला पटतं. त्यांनी प्रामाणिकपणे केलं, तरी जमलं नाही.

जुनी_फाईल

@पासवर्ड_विसरलो, पगाराच्या शीटचं अगदी मान्य. "जगातली निम्मी सरकारं" हे सोडून देऊ, पण मुद्दा बरोबर. लॉगफोरजे बंद व्यावसायिक उत्पादनांच्या पोटातही होतंच, आणि तिथे तर विक्रेत्याने सांगेपर्यंत वाट बघावी लागली, हे मात्र त्यात धरा. देखभालीला पैसे द्यायची अक्कल थोडीफार आली, ती त्यानंतर. जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड काढला तो याच कामासाठी, असे पायाभूत प्रकल्प सांभाळणाऱ्यांना सरकारी पैसा द्यायला.

म्युनिकबद्दल मात्र "जमलं नाही" हे मला पटत नाही. क्रम बघा. २००३ मध्ये नगर परिषदेने लिनक्सकडे जायचं ठरवलं. त्याआधी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटायला गेले होते, इतकं ते गाजलं. २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिमक्सवर, म्हणजे म्युनिकने स्वतःसाठी बनवलेल्या लिनक्सवर, आले. म्हणजे झालं की! २०१४ मध्ये महापौर बदलले, नव्यांना ते पहिल्यापासून नको होतं. २०१६ मध्ये सल्लागारांचा अहवाल आला. त्यात लिहिलेली खरी दुखणी संघटनेची होती: आयटीचे विखुरलेले विभाग, कुणाचा पायपोस कुणात नाही, अद्ययावत करायला उशीर. २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचा ठराव झाला. २०२० मध्ये पुन्हा सत्तेची जुळणी बदलली, आणि नव्या आघाडीच्या करारात शक्य तिथे मुक्त सॉफ्टवेअर, हे परत आलं. (तिथेही "शक्य तिथे"!) आता यात लिनक्सने काय सिद्ध केलं आणि विंडोजने काय? कायद्यात नसलेलं धोरण एका निवडणुकीपुरतं असतं, एवढं मात्र म्युनिकवरून दिसतं.

फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलिस दलाबद्दल कुणी बोलत नाही, कारण तिथे नाट्य नाही. त्यांनी आधी विंडोजवरच ओपनऑफिस आणलं. मग फायरफॉक्स ब्राउझर आणि मेलसाठी थंडरबर्ड. लोकांच्या हाताला ती सवय झाल्यावर, २००८ पासून, खालची विंडोज काढून उबुंटू हे लिनक्स घातलं. विंडोजच्या तेव्हाच्या नव्या आवृत्तीवर, विस्टावर, जायचं तरी सगळ्यांना नव्याने शिकवावं लागणारच होतं, मग इकडेच का नाही, असा त्यांचा हिशेब. सत्तर हजारांहून जास्त संगणक, आणि अजून चाललंय. जर्मनीतलं श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य सध्या त्याच क्रमाने जातंय: २०२४ मध्ये ३०,००० संगणकांवर लिब्रेऑफिस आणायचं ठरलं, २०२५ मध्ये चाळीस हजारांहून जास्त मेलपेट्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंजवरून ओपन-एक्सचेंज या ओपन सोर्स व्यवस्थेवर हलवल्या. मेलच्या वेळी तक्रारी भरपूर झाल्या. पण ऑपरेटिंग सिस्टमला त्यांनी घाईने हात घातला नाही.

तुमची पगाराची शीट बिघडते ती लिब्रेऑफिसमुळे कमी आणि फाईलच्या फॉरमॅटमुळे, मॅक्रोच्या भाषेमुळे जास्त. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाईप केलेले देवनागरी मजकूर आठवा. तो ठरावीक फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी, आणि शोधायला गेलं तर काही सापडत नाही. तो मजकूर आपलाच होता, आपणच लिहिला होता. भारताने खुल्या मानकांचं धोरण २०१० मध्ये केलं, ओपन सोर्सचं २०१५ मध्ये. क्रम बरोबर होता. खुल्या फॉरमॅटवर कमी टाळ्या पडतात, पण तो नसेल तर उरलेलं सगळं धोरण त्या पगाराच्या शीटमध्ये अडकतं.

वाचनमात्र

एरवी नुसता वाचतो, पण इथे एक बाजू राहतेय म्हणून लिहितो. वरची सगळी चर्चा सरकार काय विकत घेतं यावर आहे. सरकार स्वतः जे बनवतं किंवा बनवून घेतं त्याचं काय? तिथे "तटस्थता" हा आक्षेपच येत नाही, कारण पैसा आपला, काम आपलं.

स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२४ पासून कायदाच आहे (त्याचं संक्षिप्त नाव एम्बाग, कलम ९): संघीय कार्यालयांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करायचा. अपवाद दोनच, इतरांचे हक्क आडवे येत असतील तर किंवा सुरक्षेचं कारण असेल तर. बल्गेरियाने २०१६ मध्येच असं कलम केलं. फ्रान्समध्ये आयकर मोजणाऱ्या प्रोग्रामचा कोड एकाने मागितला. तिथल्या दस्तऐवज आयोगाने २०१५ मध्ये मत दिलं की हा कोड म्हणजे सरकारी दस्तऐवजच, द्यावा लागेल. पुढच्या वर्षी तो प्रसिद्धही झाला. पण तो होता कर खात्याच्या स्वतःच्या खास भाषेत, आणि ती भाषा संगणकाला चालवता येईल अशी करणारा कंपायलर काही त्यांनी दिला नाही! शेवटी संशोधकांनी वेगळा कंपायलर लिहिला तेव्हा कुठे तो कोड बाहेर चालवून बघता आला.

आपल्याकडे आरोग्य सेतूचं आठवत असेल. मे २०२० मध्ये अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला, सर्व्हरचा तेव्हा नाही. नोंदणीची माहिती साठायची सर्व्हरवर आणि कोड दाखवला फोनचा. तेव्हा अर्धविराम, "कोड प्रसिद्ध करावा" एवढंच लिहू नका. "त्रयस्थ माणसाला त्यातून प्रणाली उभी करून चालवता यावी" असं लिहा.

अर्धविराम

खूपच कामाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. पात्रता निकषांचं तर डोक्यातच आलं नव्हतं. मसुद्याच्या परिशिष्टात आत्ता बघितलं, अधिकृतता पत्राची अट आहे.

एक उपप्रश्न. गटात आता तिसरा तट तयार झालाय: "ओपन सोर्स वगैरे सोडा, स्वदेशी लिहा." केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या मेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेल्या, तसं करा म्हणतात. दोन्ही एकाच वाक्यात बसवता येईल का? आणि जुनी_फाईल, कलमाचा मजकूर सुचवाल का?

जुनी_फाईल

एका वाक्यात बसवू नका, दोन्ही पातळ होतील. स्वदेशी म्हणजे कंपनी आपल्या कायद्याच्या कक्षेत असणं. त्याला किंमत आहेच, परदेशातल्या निर्बंधामुळे किंवा तिथल्या न्यायालयाच्या आदेशामुळे सेवा एका रात्रीत थांबणार नाही. पण झोहोचा कोड खुला नाही. उद्या दर वाढले किंवा सेवा आवडली नाही, तर तुमच्यापुढचा प्रश्न परदेशी कंपनीच्या ग्राहकापुढे असतो तोच: बाहेर पडायचं कसं? उलट दिशेलाही बघा. मोसिप हे नागरिकांच्या ओळख-प्रणालीसाठीचं सॉफ्टवेअर बंगळुरूच्या आयआयआयटीत उभं राहिलं, कोड खुला, आणि फिलिपिन्स, मोरोक्को यांनी त्यावर आपापली ओळख-प्रणाली उभारायला घेतली. तिथे त्यांना ते परदेशीच की! तरी चालतं, कारण किल्ली त्यांच्या हातात आहे. स्वदेशीचं कलम हवं तर वेगळं घ्या.

मजकूर असा काहीसा:

"निविदा प्रसिद्ध करण्यापूर्वी खरेदीदार विभागाने उपलब्ध ओपन सोर्स पर्यायांची तौलनिक टिप्पणी सक्षम अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने नस्तीवर ठेवावी व निविदेसोबत प्रसिद्ध करावी. बंद परवान्याचे सॉफ्टवेअर निवडल्यास त्याची कारणे टिप्पणीत नमूद करावीत. खर्चाच्या तुलनेत, करार संपल्यावर माहिती खुल्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढून अन्य प्रणालीवर नेण्याचा खर्च धरावा व तो ज्या प्रणालीतून बाहेर पडावे लागेल तिच्या खाती मांडावा. मूळ उत्पादकाचे अधिकृतता पत्र वा उलाढाल यांची अट ओपन सोर्स घटकांस लागू राहणार नाही. त्याऐवजी बोलीदाराचा संबंधित घटकावरील कामाचा अनुभव पाहावा."

बाहेर पडायच्या खर्चाचं वाक्य काहीही झालं तरी सोडू नका, त्यावरच सगळ्यात जास्त हरकती येतील. हा खर्च आज नेहमी नव्या प्रणालीच्या माथी मारला जातो. जुन्यातून माहिती काढायला दोन कोटी लागले की "ओपन सोर्स महाग पडलं" असा शेरा. अहो, ते दोन कोटी जुन्या खरेदीचं उरलेलं बिल आहे!

अवांतर: "टिप्पणी प्रसिद्ध करावी" याला विभाग कडाडून विरोध करतील. घासाघीस करावी लागली तर निविदेसोबत नाही, निविदा उघडल्यावर प्रसिद्ध करा, इथवर उतरा. त्याखाली नको.

पासवर्ड_विसरलो

कलम चांगलं आहे, म्युनिकवर अजून तुमच्याशी पूर्ण सहमत नाही, पण असो. माझी एक भर घाला, नाहीतर हे सगळं पुन्हा आमच्याच डोक्यावर येईल.

परवाना विकत घेणं सरकारी अंदाजपत्रकात सोपं आहे. ती भांडवली खरेदी, एकदा मंजुरी, मालमत्ता नोंदवहीत नोंद, काम तमाम. ओपन सोर्समध्ये विकत घ्यायला काही नसतं. लागतात ती माणसं: चुका दुरुस्त करणारी, वर मूळ प्रकल्पाकडे पॅच (केलेल्या दुरुस्त्या) पाठवणारी, फोन उचलणारी. हा महसुली खर्च, दर वर्षी नव्याने मागायचा, आणि काटकसरीचं परिपत्रक आलं की पहिली कात्री यालाच. म्हणून "सॉफ्टवेअर निःशुल्क असले तरी देखभाल व सपोर्टसाठी कराराच्या संपूर्ण मुदतीची तरतूद मंजुरीच्या वेळीच करावी" हे त्याच कलमात पाहिजे. स्वतंत्र कलम केलंत तर वित्तवाले नेमकं तेवढंच उडवतील.

अर्धविराम

घेतो, त्याच कलमात. अधिकृतता पत्राच्या अटीवर प्री-बिडची वाट न बघता आत्ताच वेगळी हरकत नोंदवतोय. परिशिष्टाचा तो मजकूर आणि आमची हरकत दोन्ही उद्या इथे चिकटवतो, कुणाला भाषेत फटी दिसल्या तर सांगा.